केकवर नाव काय लिहायचं?

(लेण्याद्रीच्या पायथ्याशी झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



"मोठ्या माणसांचे हॉटेलातले वाढदिवस" असा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "सर, लेण्यांवर बोला, किल्ल्यावर बोला, हा काय व्याख्यानाचा विषय आहे का?" मी म्हटलं, जुन्नर तालुक्यात नाही बोलायचं तर कुठं बोलायचं? आपण बसलोय तिथून मान वर केली की लेण्याद्री. पार्वतीनं इथं तप केलं आणि गणपती तिच्या पोटी आला, म्हणून तो गिरिजात्मज, अशी श्रद्धा. आणि जुन्नरच्या बाजूला नजर टाकली की शिवनेरी, जिथं १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जन्मदिवस साजरा करणं आपल्या तालुक्याला काही नवीन नाही. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर पाळणा हलतो. भाद्रपदात आणि माघात इथं पायऱ्यांवर रांग लागते. पण या दोन्ही ठिकाणी एक गंमत बघा. ज्याचा जन्मदिवस, त्याला कुणी काही करून दाखवायला लावत नाही. पाळण्याची दोरी आपण ओढतो, पायऱ्या आपण चढतो, घाम आपल्याला येतो.

आता इथून खाली उतरा आणि पुणे-नाशिक रस्त्याला लागा. नारायणगावच्या पुढं, आळेफाट्याच्या अलीकडं, पलीकडं, कुठंही. रात्रीचे साडेआठ. 'फॅमिली' अशी पाटी असलेलं हॉटेल. लॉनवर टेबलं, कोपऱ्यात फुलपाखराचे पंख रंगवलेली भिंत, म्हणजे पंखांच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचा. तुम्ही मासवडी-रस्सा मागवलाय, भाकरी आत्ताच ताटात पडलीय, आणि दिवे जातात. नवखा माणूस म्हणतो, "गेली का लाइट?" (हशा) लाइट गेलेली नसते, घालवलेली असते. स्पीकरवर गाणं सुरू होतं. आतून एक पोरगा केक घेऊन येतो, केकवर ती भुईनळ्यासारखी मेणबत्ती फुर्रर करत असते. आजूबाजूची बारा टेबलं हातातला घास हातात ठेवून बघायला लागतात. आणि मध्ये उभा असतो पंचेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ.

मी नाटकांची परीक्षणं लिहीत आलोय, त्यामुळं मला तो प्रसंग प्रयोगासारखाच दिसतो. तर त्याचं परीक्षण करू. कालावधी साधारण चार मिनिटं. प्रकाशयोजना आधी सांगितलीच. संगीत रेकॉर्ड केलेलं, आवाज जेवढा मावेल त्याहून जास्त. आणि मुख्य पात्र? मुख्य पात्राला एकही वाक्य नाही, एकही हालचाल नाही. त्यानं उभं राहायचं, हसायचं, फुंकर मारायची, सुरी धरायची, संपलं. त्या चार मिनिटांत त्या गृहस्थाच्या हातांकडं बघा. हात कुठं ठेवायचे हे त्याला सुचत नाही. खिशात घालतो, बाहेर काढतो. शेवटी सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून तोही वाजवायला लागतो. स्वतःच्याच वाढदिवसाला टाळ्या! मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता वाटही बघतो, कधी वाजवतोय याची. हा त्याचा दोष नाही. ही भूमिका लिहिणाऱ्यानं त्याच्यासाठी काही लिहूनच ठेवलेलं नाही.

बरं, हे लिहिलं कुणी? याची गोष्ट मजेशीर आहे. 'हॅपी बर्थडे'ची चाल मुळात वाढदिवसाची नव्हेच. अमेरिकेत केंटकी राज्यात मिल्ड्रेड आणि पॅटी हिल नावाच्या दोन बहिणी होत्या. पॅटी बालवाडीच्या शिक्षिका. पोरं सकाळी वर्गात आली की म्हणायचं एक साधं सुप्रभात-गीत त्यांनी केलं, ते १८९३ साली छापलं गेलं. पुढं त्याच चालीवर वाढदिवसाचे शब्द बसले. म्हणजे चार-पाच वर्षांच्या पोरांना झेपेल अशी, एका वर्गात म्हणायची ती चाल. मग त्या गाण्यावर कंपन्यांनी हक्क सांगितला. सिनेमात वापरलं तर पैसे, हॉटेलात गायलं तर पैसे. तिकडच्या कितीतरी साखळी-हॉटेलांनी यावर तोड काढली: आपलं आपलं वेगळं गाणं रचलं, जोरजोरात टाळ्या, वेटरांचं कोंडाळं, आरडाओरडा. पुढं एक माहितीपट करणारी बाई कोर्टात गेली, २०१५ मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचा दावा फेटाळला, आणि २०१६ मध्ये एक कोटी चाळीस लाख डॉलरवर तडजोड होऊन गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं. पण टाळ्यांचं कोंडाळं तोवर जगभर गेलं होतं. ते पुण्यातल्या मॉलमध्ये आलं, मॉलमधून हायवेला आलं. तिकडं निदान रॉयल्टी वाचवायची होती. आपल्याकडं ते कारणही नाही, फक्त आवाज आला. आणि आपल्याकडं तर १९६७ च्या 'फर्ज' सिनेमातलं रफीसाहेबांचं वाढदिवसाचं गाणं आहे, अजून वाजतं, त्याला निदान ठेका आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा पुढं संस्कृतीवर येणार. केक पाश्चात्त्य, आपण दिवा लावतो ते विझवतात, वगैरे. ते भाषण मी करणार नाही. ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुकट मिळतं. शिवाय आपली पद्धत काय होती ते नीट बघितलं तर इतकं छाती काढण्यासारखं नाही.

आपली पद्धत म्हणजे औक्षण. पाट, भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. रूप म्हणून मला ते फार आवडतं, कारण त्यात प्रत्येकाला काम आहे. ओवाळणारीला काम आहे, बसणाऱ्यालाही आहे: टोपी घालायची, स्थिर बसायचं, मग उठून वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. हात कुठं ठेवायचे हा प्रश्नच येत नाही. आवाज नाही, प्रेक्षक नाहीत, जे आहेत ते सगळे घरचे. पण ओवाळायचं कुणी? सवाष्णीनं. घरात विधवा आत्या असेल, जिनं त्या पोराला अंगाखांद्यावर खेळवलं, ती दाराआड उभी. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांविषयीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा. केकचं तसं नाही. केकचा तुकडा आत्या भरवू शकते, शेजारी भरवू शकतो, गड्याचा पोरगा भरवू शकतो. मेणबत्तीला सोवळंओवळं नाही. हे मी केकच्या बाजूनं पहिलं मत नोंदवतो.

आणि औक्षण व्हायचं तेही पोरांचं. मोठ्या माणसाचा वाढदिवस चारचौघांत करायचा तर आधी पुष्कळ जगून दाखवावं लागायचं. साठीला साठीशांत. पंचाहत्तरी. आणि हजार पौर्णिमा बघितल्या की सहस्रचंद्रदर्शन, ते येतं एक्याऐंशीच्या आसपास. ह्यातही मुख्य आसनावर बहुतेक वेळा पुरुष, बाई शेजारच्या पाटावर. मधल्या वयाच्या माणसाला काहीच नाही. तिशीतल्या, चाळिशीतल्या बाईला तर नाहीच.

का नाही? पहिलं कारण, तारीखच माहीत नाही. इथं बसलेल्यांपैकी किती जणांचा वाढदिवस एक जूनला आहे? हात वर करा. (अनेक हात वर) बघा! अर्धा मांडव एक जूनला जन्मला. मास्तरांनी शाळेत नाव घालताना वय बघितलं, आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून एक जून लिहून टाकला. त्याच तारखेमुळं दरवर्षी ३१ मे रोजी राज्यात सरकारी नोकरांची रांग लागून निवृत्ती होते, कारण एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. जी बाई शाळेतच गेली नाही, तिला एक जूनही मिळाला नाही. तिला विचारलं तर सांगते, "हरभरा उपटायला चालले होते तवा झाले." मग आधार कार्ड काढताना कुणीतरी एक जानेवारी टाकला.

दुसरं कारण याहून मोठं आहे. घरी बाईचा वाढदिवस करायचा म्हणजे काय करायचं? पुरण. ते कोण घालणार? तीच. (हशा) हसू नका, खरं सांगतोय. तिचा वाढदिवस आहे हे लक्षात ठेवायचं तिनं, डाळ शिजत घालायची तिनं, पोळ्या लाटायच्या तिनं, आणि सगळे जेवून उठल्यावर शेवटी ताट घ्यायचं तिनं. त्यामुळं शहाण्या बायका वाढदिवसाचं नावच काढत नसत.

आता एक प्रसंग सांगतो. आपल्याच भागातलं हॉटेल, नाव कशाला सांगू. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब. कपड्यांवरून, बोलण्यावरून शेतकरी. त्या दिवसांत टोमॅटोला बरा भाव होता, क्रेटच्या गप्पा चालल्या होत्या. दोन मुलगे, सुना, नातवंडं, आणि मध्ये साठीच्या पुढची आई. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिला बहुधा नुसतं "जेवायला जायचंय" असंच सांगितलं असावं. हॉटेलचा पोरगा थोरल्या मुलाजवळ येऊन हळूच विचारतो, "दादा, केकवर नाव काय लिहायचं?" मुलगा म्हणतो, "आई लिही." पोरगा म्हणतो, "आई तर सगळेच लिहितात. मायकवर नाव घेतो ना आम्ही, नाव सांगा." आणि मग त्या टेबलावर गडबड. सुनेनं एक नाव सांगितलं. धाकटा म्हणाला, ते नाही, रेशनकार्डावर दुसरं आहे. लग्नात नाव बदललेलं. माहेरी एक, सासरी एक. थोरला आईकडं वळून म्हणाला, "आई, तुझं माहेरचं नाव काय होतं गं?" साठी ओलांडलेल्या बाईला तिच्या पोटचा मुलगा, हॉटेलात, केकसाठी, पहिल्यांदा विचारतो. तिनं सांगितलं. हळूच सांगितलं, मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं स्पीकरवर ते नाव आलं. अनोळखी पोरानं उच्चारलेलं, जरा चुकलेलंच. ती बाई जागेवरून उठली नाही, केक बसल्या बसल्याच कापला. पण ते नाव आल्यावर तिनं मान वर करून स्पीकरकडं पाहिलं.

म्हणून, हॉटेलात वाढदिवस नकोतच असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही. हॉटेलात एक गोष्ट अशी घडते जी घरी घडत नव्हती: रांधणारी बसते, आणि तिला कुणीतरी वाढतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ते फुलपाखराचे पंखसुद्धा सहन करीन.

मग तक्रार कशाबद्दल आहे? तक्रार विचारण्याबद्दल आहे. त्या बाईला नाव विचारलं. दिवे घालवू का, हे विचारलं नव्हतं. बारा टेबलांनी तुमच्याकडं बघितलेलं चालेल का, हे विचारलं नव्हतं. ह्याला आपण 'सरप्राइज' म्हणतो. लहान मुलाला सरप्राइज आवडतं, कारण त्याची जगाकडं काही लपवाछपवी नसते. मोठ्या माणसाची असते. त्याचं कर्ज असतं, आजारपण असतं, गेल्या वर्षी वारलेला भाऊ असतो. वाढदिवसाच्या दिवशी हे सगळं जास्तच आठवतं. आणि त्याच क्षणी त्याच्या तोंडासमोर पाच मोबाइल उभे. रडू आलं तर रेकॉर्ड, नाही आलं तर "काय राव, खूश नाही वाटत." नकार द्यायची सोयच नाही. घरी "नको रे ते" म्हणता येतं. भर हॉटेलात, केक समोर आल्यावर, "नको" म्हणणारा माणूस म्हणजे माणूसघाणा.

पोरांच्या वाढदिवसाबद्दल फार बोलत नाही. तोंडाला केक फासणं, पार्श्वभागावर लाथा, तो फेस उडवायचा स्प्रे. एकच सांगतो, त्या स्प्रेच्या डब्यात जो वायू असतो तो पेट घेतो, आणि मेणबत्ती हातभर अंतरावर असते. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचा. तलवारीनं केक कापणाऱ्यांवर तर पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल केलेत, त्यांचं परीक्षण कोर्ट करील, मी कशाला करू.

प्रेक्षकांबद्दल मात्र बोलायला पाहिजे, कारण हा भाग प्रेक्षकांचा आहे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांच्या हंगामात तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं सुपारी द्यायला येतात. म्हणजे बघणं म्हणजे काय, हे या भागाला शिकवायला नको. तमाशाला जाणारा माणूस ठरवून जातो. बोर्डावरची बाई तयारीनं उभी असते. दोघांमध्ये करार असतो. आणि त्या कराराला मर्यादाही असते. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. खेळ चालू असताना कळा आल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. त्या गोष्टीचा शेवट लोक विसरतात. प्रेक्षकांना जेव्हा कळलं, तेव्हा त्यांनीच हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला, असं सांगतात. तंबूतल्या त्या प्रेक्षकाला कळलं की इथून पुढं आपण बघायचं नाही.

हॉटेलातल्या प्रेक्षकानं तिकीट काढलेलं नाही, तो मासवडी खायला आलाय. उत्सवमूर्तीनं सुपारी घेतलेली नाही, ती जेवायला आलीय. आणि तो गाणारा वेटर, कुठल्या कुठून लांबून आलेला पोरगा, रविवारी रात्री आठव्यांदा तेच गाणं टाळ्या वाजवत म्हणतोय, तिकडं त्याच्या चार नंबर टेबलची रोटी गार होतेय. तिघांपैकी एकाचाही करार झालेला नाही. मग हा प्रयोग चाललाय कुणासाठी? बऱ्याचदा ज्यानं टेबल बुक केलं त्याच्यासाठी. आपण आईसाठी, बायकोसाठी, मित्रासाठी काहीतरी केलं, याचा व्हिडिओ त्याला पाहिजे असतो. त्यात वाईट काही नाही, हौस आहे माणसाची. पण मग निदान एवढं म्हणा की ही माझी हौस आहे.

नावाच्या हौसेवरून आठवलं. वर लेणी क्रमांक सहा आहे, चैत्यगृह. दर्शनाच्या घाईत लोक सात नंबरात गणपतीपाशी जातात, सहाकडं बघत नाहीत. तिथं ब्राह्मी लेख आहे. कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसानं ते चैत्यगृह दान दिलं, एवढाच मजकूर. वय नाही, फोटो नाही, शुभेच्छुक नाहीत. त्याचं नाव तिथं आहे कारण त्यानं काहीतरी दिलं. आता आळेफाट्याच्या चौकातला फ्लेक्स आठवा. मधे गॉगलवाले एक साहेब, खाली तीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. साहेबांनी काय दिलं ते फ्लेक्सवर नसतं, साहेबांना काय मिळालं ते असतं. असो, फ्लेक्सवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय.

चिठ्ठ्या आल्यात, दोनच घेतो.

पहिली चिठ्ठी एका हॉटेलमालकांची दिसते. "सर, गिऱ्हाईकच म्हणतं लाइट बंद करा, गाणं मोठ्यानं लावा. आम्ही नाही म्हणून गिऱ्हाईक घालवायचं का?" नाही, घालवू नका. तुम्ही बुकिंग घेताना विचारता ना, अंड्याचा की बिनअंड्याचा, अर्धा किलो की किलो, नाव काय? त्यात एक प्रश्न वाढवा: ज्यांचा वाढदिवस आहे, त्यांना हे माहीत आहे का? "नाही, सरप्राइज आहे," असं उत्तर आलं, तर केक टेबलावर न्या, पण दिवे चालू ठेवा, गाणं त्या टेबलापुरतं ठेवा, आणि पोरानं केक ठेवून आपल्या कामाला जावं. माहीत आहे आणि त्यांना हौस आहे, तर मग उडवा काय उडवायचंय ते, फेसाचा स्प्रे सोडून. नाव मात्र आधी कागदावर लिहून घ्या आणि मायकवाल्या पोराकडून एकदा म्हणवून घ्या.

दुसरी चिठ्ठी. "आजीचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. हॉटेलात केलं तर चालेल का?" चालेल की. पूजा सकाळी घरी उरकून घ्या, जेवण हॉटेलात करा, म्हणजे सुनांनाही बसता येईल. स्पीकरपासून लांबचं टेबल सांगा, जिना चढावा लागणार नाही असं बघा. गोड काय पाहिजे ते आजींनाच विचारा. आणि संध्याकाळी लवकर आटपा, तुमचं घर मळ्यात असेल तर बिबट्याचं आहेच.